कुठली लोने?

प्रेबेनचा फायदा मी बोटींत मोजला होता. सोमवारी पहाटे सामसो बेटावरून इकडे एक, शुक्रवारी संध्याकाळी परत एक. कामाचे आठवडे वर्षाला सेहेचाळीस, म्हणजे ब्याण्णव फेऱ्या. निवृत्तीला चार वर्षं बाकी. तेव्हा एकूण तीनशे अडुसष्ट वेळा बोटीवरच्या मशीनची कॉफी प्यायची नाही, हा त्याचा निव्वळ नफा. शिवाय सोमवार ते गुरुवार ऑरहुसमधल्या भाड्याच्या खोलीत उभ्या उभ्या काळा पाव चावायचा नाही, बायकोसमोर बसून गरम जेवायचं.

त्याची बायको गेर्डा शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वीच बेटावर राहायला गेली होती. लग्नाला अडतीस वर्षं झालेला पुरुष आठवड्यातले चार दिवस एकटा मिळाला तर मनातून खूश असतो, असं आमच्या ऑफिसात दोघंतिघं म्हणायची. प्रेबेन नव्हता. रोज साडेबाराला तो तिला फोन करून बागेत आज काय लावलंस ते विचारायचा, आणि ती मुळे म्हणाली तरी ह्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वाढदिवसाचं तेज यायचं.

हा फायदा त्याला द्यायचं विबेकेनं कबूल केलं होतं. विबेके आमची वरिष्ठ. वरिष्ठ असली तरी तिला आम्ही सगळेच तू म्हणतो. राजघराणं सोडलं तर आमच्या डेन्मार्कात तुम्ही म्हणायला कुणी उरलेलंच नाही. तिची अट एकच होती. वर्षाच्या सत्ताविसाव्या, जुलैतल्या, आठवड्यातल्या शुक्रवारी चार वाजता, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या क्षणी, प्रेबेनच्या खात्यातल्या उघड्या तक्रारी शून्य पाहिजेत. शून्य असतील तर ऑगस्टपासून त्याने बेटावर बसून काम करावं, महिन्यातून एकदा तोंड दाखवावं. तक्रारींचा आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं काम माझं. वसंतात तो चौदा होता.

आमची कंपनी नऊ माणसांची. पोहायचे तलाव, सौना, वाफेच्या खोल्या असतात ना, त्यात पाणी कुठे किती तापवायचं ते यंत्रांना सांगायची एक भाषा आम्ही बनवली आहे. तिचं नाव हाने. आमच्याकडे हाने म्हणजे नळ, आणि हाने म्हणजे कोंबडाही. ओळखचिन्ह काढणाऱ्याला फोनवर नुसतं नाव सांगितलं होतं; त्याने लाल तुऱ्याचा कोंबडा काढून पाठवला, आणि तो कुणी नीट बघायच्या आत पाकिटांवर छापूनही झाला. तेव्हापासून नळांच्या भाषेवर कोंबडा बसलेला आहे. नावाचा घोळ आमच्या घराण्यातच आहे म्हणायचं.

गिऱ्हाइकं ह्या भाषेत लिहितात, आणि ते लिखाण यंत्राला कळेल असं उतरवून द्यायचं काम आमचा कंपायलर करतो. त्या कंपायलरच्या आत एक कोपरा आहे, त्याला आम्ही 'नावं' म्हणतो. लिखाणात एखादं नाव आलं की ते नेमकं कुणाचं, हे तिथे ठरतं. हा कोपरा एकोणीस वर्षांपूर्वी प्रेबेननं लिहिला.

मी हिशेब बघणारी बाई, पण इतकी वर्षं ऐकून मला जे समजलं ते असं. सगळी नावं एका ढिगात ठेवलेली नसतात, खणांत असतात. वाफेच्या खोलीचा एक खण, त्याचं नाव डाम्प. उघड्यावरच्या थंड पाण्याचा दुसरा, ऑबेन्टबाड. दोन्ही खणांत 'ग्राड' नावाची एकेक चिठ्ठी, तिच्यावर किती अंश ते लिहिलेलं. डाम्पमधल्या चिठ्ठीवर पंचेचाळीस, ऑबेन्टबाडमधल्या चिठ्ठीवर अकरा. माणसानं 'डाम्पची ग्राड' असं पूर्ण लिहिलं तर भांडणच नाही. पण माणूस दोन्ही खण सताड उघडे टाकतो, नुसतं 'ग्राड' लिहितो आणि जेवायला जातो. मग कंपायलरच्या हाताला जो खण आधी लागेल त्यातली चिठ्ठी तो उचलायचा. कुठला आधी लागेल ते त्या दिवसाच्या नशिबावर. म्हणून तक्रारी यायच्या, की सोमवारी चालतं आणि मंगळवारी चालत नाही, तुमच्या कोंबड्याला काय झालंय.

ह्यावर दोन उपाय होते आणि दोन माणसं.

रेगित्से चौतीस वर्षांची. कामाला तेज, बोलायला त्याहून. तिचं म्हणणं असं, की नाव दोन खणांत सापडलं तर कंपायलरनं तिथेच थांबावं आणि लिहिणाऱ्याला विचारावं, बाबा रे, कुठलं? तेवढा भाग तिनं लिहूनही ठेवला होता. प्रेबेननं तो वर्षभर बासनात ठेवला होता, कारण नावांचा कोपरा त्याचा.

ह्या दोघांचं भांडण जेवायच्या टेबलावर चालायचं, हेरिंग मासे आणि अंड्यांच्या मधोमध. एका दुपारी रेगित्सेनं आम्हा तिघींनाच साक्षीला उभं केलं. आमच्या नऊ माणसांत तीन लोने आहेत: लोने-दार, लोने-सायकल आणि मी लोने-हिशेब.

"दारातून कुणी नुसती 'लोने' अशी हाक मारली तर कोण उठतं?" तिनं विचारलं.

"दाराजवळची," प्रेबेन म्हणाला.

"आणि हवी असते कोण?"

"बहुतेक वेळा तीच. पार्सलं तिच्याकडे असतात."

"आणि लोने-हिशेब हवी असली तर?"

"ती नुसत्या लोनेला उठतच नाही. पूर्ण नाव घ्यावं लागतं."

"मग तेच सांगतेय ना मी दोन वर्षं," रेगित्से म्हणाली.

मी पावावर लिव्हरची पेस्ट लावत होते, मान वर केली नाही. पण प्रेबेनचीही बाजू होती. त्याचं म्हणणं, आपलं गिऱ्हाईक नळवाला आहे, वकील नाही. आजवर जे निमूट चालत होतं त्यावर कंपायलरनं उद्या उलट प्रश्न केला, तर गावोगावची जुनी लिखाणं अडतील, आणि प्रत्येक माणूस पहिलं काम काय करेल तर फोन उचलेल.

"आणि तुझा फोन वाजला की तुझी बोट चुकेल," रेगित्से म्हणाली. टेबलावर कुणी हसलं नाही, कारण ते खरं होतं.

प्रेबेनचा उपाय त्याहून सुटसुटीत. दोन खणांत एकच नाव असलं तर अक्षरांच्या क्रमानं जो खण आधी येतो त्याची चिठ्ठी घ्यायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. ते एका दुपारचं काम होतं. त्यानं ते पंचविसाव्या आठवड्यात केलं आणि चौदा तक्रारींवर चालवून पाहिलं. सगळ्या तक्रारी ह्याच दोन खणांभोवतीच्या, आणि सगळ्यांना हवी होती डाम्पचीच ग्राड. डाम्प आधी येतो. ऑबेन्टबाड अगदी शेवटी, कारण ऑ हे आमच्या मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर. चौदाच्या चौदा बरोबर. मी फळा पुसून शून्य लिहिलं. प्रेबेननं त्या शून्याचा फोटो काढून गेर्डाला पाठवला. तिनं उलट स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या टेबलाचा फोटो पाठवला. लिहायला बसायची जागा तिनं आधीच मोकळी केली होती.

रेगित्सेनं नोंदवहीत एकच ओळ लिहिली. क्रम हे उत्तर नव्हे, असं काहीतरी. ती ओळ वाचून प्रेबेन म्हणाला, हिचं लग्न झालं की नवऱ्याला रोज सकाळी कुठली कॉफी ते लेखी द्यावं लागेल. तिनं उत्तर दिलं, की नवरा एकच असेल तर नाही द्यावं लागणार.

सत्ताविसाव्या आठवड्यात हॉलंडहून वीत्स्के आली. तिच्या ताब्यात एकेचाळीस स्नानगृहं होती आणि त्या सगळ्यांसाठी तिला एकच भाषा हवी होती. उंच, शांत, पन्नाशीची बाई. कोंबड्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली की तुम्ही अंड्यांचाही व्यवसाय करता हे मला माहीत नव्हतं.

खाडीकाठी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं स्नानगृह आहे. गुरुवारी दुपारी ते आमच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. पाहुणीनं वाफेची खोली आमच्या भाषेवर चालताना बघायची, स्वतः आत बसायचं, मग सगळ्यांनी समुद्रात एक डुबकी मारायची आणि कॉफी प्यायची, असा बेत. मी टॉवेल घेऊन गेले होते. टॉवेलांच्या पावतीवर सही माझी, तेव्हा मलाही आत बसायचा हक्क होता.

सगळं तयार झाल्यावर वीत्स्केनं पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. इंग्रजीतून बोलत होती, पण सूर असा आदबीचा की मला ते तुम्ही-तुम्ही असंच ऐकू येत होतं. तुमच्या मशीनवर तुमचं सगळंच चालणार, ती म्हणाली, माझ्या मशीनवर चालवून दाखवा. प्रेबेन म्हणाला, कुठल्याही मशीनवर. त्यानं तिच्या लॅपटॉपवर आमचा कंपायलर चढवला, स्नानगृहाचं लिखाण त्याला दिलं. कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. उतरवून झालेला मजकूर भिंतीतल्या यंत्रात गेला, आणि आम्ही पाच जण टॉवेल गुंडाळून आत जाऊन बसलो: वीत्स्के, विबेके, प्रेबेन, रेगित्से आणि मी.

वाफ आली. म्हणजे पांढरं काहीतरी आलं. नोव्हेंबरातल्या सकाळी मच्छीधक्क्यावर असतं तसलं, ओलं आणि गार. विबेके म्हणाली, तापेल. आम्ही बसलो. फरशीचा गारवा टॉवेलातून वर चढायला लागला. पाच मिनिटांनी वीत्स्केनं फार नम्रपणे विचारलं, की डेन्मार्कमध्ये हे असंच असतं का. विबेके परत म्हणाली, तापेल, पण ह्या वेळी प्रेबेनकडे बघून. प्रेबेन उठला आणि दाराजवळचा आकडा बघून आला. आकडा अकरावर होता, आणि तिथे समाधानानं थांबलेला. यंत्राच्या मते काम फत्ते झालं होतं.

पुढचा पाऊण तास आम्ही स्वागताच्या टेबलाभोवती टॉवेलांत काढला. प्रेबेननं आपल्या लॅपटॉपवर तेच लिखाण, तोच कंपायलर चालवला: पंचेचाळीस. वीत्स्केच्या लॅपटॉपवर चालवला: अकरा. परत त्याच्यावर पंचेचाळीस, परत तिच्यावर अकरा. तिसऱ्या खेपेला मी मोजायचं सोडून दिलं आणि किटली लावली. त्याचे कान लाल झाले होते. एकोणीस वर्षांत मी ते तसे फक्त एकदाच, त्याच्या मुलीच्या लग्नात भाषण करताना बघितले होते.

वीत्स्केनं त्याला नियम सांगायला लावला. त्यानं सांगितला. अक्षरांच्या क्रमानं जो खण आधी, त्याची चिठ्ठी.

"कुणाच्या अक्षरांच्या?" तिनं विचारलं.

"अक्षरांचा क्रम एकच असतो."

माझ्या शेजारी रेगित्सेनं डोळे मिटून घेतले.

वीत्स्केनं लॅपटॉप वळवला आणि खणांच्या यादीवर बोट ठेवलं. तिच्या यादीत ऑबेन्टबाड सगळ्यात वर होता. "ह्या नावात सुरुवातीला दोन ए आहेत," ती म्हणाली. "आमच्याकडे ए पहिला."

"ते दोन ए नाहीत. ते एक ऑ आहे."

"मला दोन दिसतात."

"दिसतात दोन. आहे एक."

तिनं चष्मा पुसून परत लावला. "तुमच्या शहराचं नाव तुम्ही कसं लिहिता?"

"दोन ए लावून."

"आणि तुमच्या याद्यांत ते कुठे येतं?"

"शेवटी," प्रेबेन म्हणाला, "अर्थातच," आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली आला.

आमच्या ऑला डोक्यावर गोल टोपी असते. हानेला ती टोपी चालत नाही, म्हणून आम्ही जुन्या वळणानं दोन ए जोडून लिहितो. आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं की हे जुळं म्हणजे एकच अक्षर आणि त्याची जागा यादीच्या तळाला. आमच्या मशीनांनाही ते माहीत असतं. ते कुणी कधी मोठ्यानं म्हणत नाही, कारण म्हणायची वेळच येत नाही. हॉलंडच्या मशीनला बिचाऱ्याला दोन ए दिसले, त्यानं ते दोन ए धरले आणि थंड पाण्याचा खण पहिल्या नंबरावर नेऊन बसवला.

"म्हणजे मला वाफ हवी असेल तर आधी तुमची मुळाक्षरं पाठ करायला हवीत," वीत्स्के म्हणाली. रागावली नव्हती. उलट समुद्रात डुबकी मारायला सगळ्यात पुढे तीच गेली. बाहेर आल्यावर म्हणाली की समुद्र तुमच्या वाफेपेक्षा गरम आहे. आणि तक्रार लेखी देऊन गेली. शुक्रवारी पाचच्या गाडीनं ती परतणार होती. मी फळ्यावर शून्याच्या जागी एक लिहिला.

आमच्याकडे रिवाज आहे, ज्यानं घोटाळा केला त्यानं केक आणायचा. शुक्रवारी सकाळी मी ऑफिस उघडलं तेव्हा प्रेबेन दारात उभा होता, हातात ब्रून्सविगर केकचा मोठा खोका. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं तो टेबलावर ठेवला. लोने-सायकलनं विचारलं की एकट्या ऑसाठी एवढा केक, की दोन ए होते म्हणून दुप्पट? त्यानं तिला कोपऱ्यातला तुकडा दिला, जिथे साखर जास्त असते. इतका तो वाकला होता.

दहा वाजता तो कामाला बसला. घोटाळ्याला एक दहा मिनिटांचा इलाज होता आणि तो त्याला रात्रीच सुचला होता. क्रम कुठल्या मुळाक्षरांचा, हे कंपायलरमध्येच पक्कं ठोकून टाकायचं. मशीन हॉलंडचं असो की चीनचं, क्रम आमचा. त्यानं ते लिहिलं. मशीनला हॉलंडचं सोंग घ्यायला लावून चालवून पाहिलं: पंचेचाळीस. वीत्स्केनं वाफ गरम पाहिजे एवढंच लिहिलं होतं. वाफ गरम झाली होती. एक कळ दाबायची, एक तक्रार बंद करायची, मी एकाचा शून्य करायचा. अकरा वाजले होते. चारला पाच तास बाकी.

त्यानं कळ दाबली नाही. उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग वीत्स्केला तिच्या हॉटेलवर फोन लावला. मला वाटलं खूशखबर देतोय. पण त्यानं भलतंच विचारलं. तुमच्या भाषेत दोन ए-नं सुरू होणारे शब्द आहेत का? पलीकडून बराच वेळ काही बोलणं चाललं. त्यानं कागदावर पाच-सहा शब्द उतरवून घेतले, एकाचा अर्थ परत विचारला. तो शब्द बटाट्याचा होता. फोन ठेवून तो कागदाकडे बघत बसला.

रेगित्से त्याच्या मागे उभी होती. तिनं त्याच्या पडद्यावरच्या ओळी वाचल्या. तिला सगळं कळलं होतं, कळ दाबली की काय होतं आणि नाही दाबली की काय होतं.

"चालेल हे," ती म्हणाली. "ती परत विचारायला येणार नाही. दाब."

मला ह्याचं नवल वाटलं. दोन वर्षं जिनं ह्या माणसाशी पावाच्या प्रत्येक तुकड्यावर वाद घातला, ती त्याच्या बोटीसाठी हरायला तयार होती.

"त्यांच्याकडचा कुणीतरी बटाट्याच्या नावानं खण करेल," प्रेबेन म्हणाला. "त्याच्या यादीत तो पहिला. माझ्या कंपायलरच्या लेखी शेवटचा. आणि माझा कंपायलर त्याला अवाक्षर बोलणार नाही." त्यानं कागद दुमडला. "काल तिथे गारठत बसलो होतो ना, तेव्हा मला राग कशाचा आला सांगू? अकरा अंशांचा नाही. त्यानं मला विचारलं नाही ह्याचा."

त्यानं कागद खिशात टाकला. मग तो म्हणाला, "तुझं ते बासनातलं काढ."

"सगळी जुनी लिखाणं अडतील. फोन वाजतील."

"माहीत आहे."

"आणि बोटी—"

"बोटी मोजायचं काम लोनेचं आहे."

"कुठल्या?" रेगित्सेनं विचारलं. तेव्हा कुठे तो हसला.

त्यानं स्वतःचा नियम पुसला आणि तिचा भाग बसवला. नंतर जे केलं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या चौदा लिखाणांवर त्यानं आपला नियम पारखला होता ती सगळी नव्या कंपायलरला घातली. चौदाच्या चौदा अडली: ग्राड दोन खणांत आहे, डाम्प आणि ऑबेन्टबाड, कुठली हवी? गिऱ्हाइकांना हे सुट्टीनंतर कळणार होतं. तक्रार आली तर ऑगस्टात आली असती. प्रेबेननं चौदा बंद तक्रारी स्वतःच्या हातानं आजच परत उघडल्या. वीत्स्केची तक्रारही तिनं येऊन बघितल्याशिवाय बंद करायची नाही म्हणाला, आणि तिची तर गाडी होती. चार वाजता मी फळ्यावर पंधरा लिहिले.

विबेके खोलीतून बाहेर आली, आकड्याकडे बघितलं, प्रेबेनकडे बघितलं. ती काही दुष्ट बाई नाही, पण शब्द म्हणजे शब्द. आकडा शून्य झाला की त्या पुढच्या महिन्यापासून बेट, एवढंच ती म्हणाली. सुट्टी सुखाची जावो, असंही म्हणाली. प्रेबेननं कोट घातला. गेर्डाला फोन त्यानं जिन्यात जाऊन केला, म्हणून काय बोलला ते मला सांगता येणार नाही. जिना चढून परत आला आणि उरलेल्या केकचे दोन तुकडे कागदात बांधून घेऊन गेला.

सुट्टी संपली आणि फोन वाजायला लागले. बत्तिसाव्या आठवड्यात पंधराचे सव्वीस झाले, चौतिसाव्यात एकेचाळीस. एका तलाववाल्यानं विचारलं की पैसे आम्ही द्यायचे आणि प्रश्न तुमच्या मशीननं विचारायचे, हा कुठला न्याय? प्रेबेननं त्याला त्याच्याच लिखाणातली एक जागा दाखवली, जिथे तीन वर्षं लहान मुलांच्या टाकीला मोठ्यांच्या टाकीचा आकडा लागत होता. पुढच्या फोनला त्या माणसाच्या आवाजात बराच नरमपणा होता. एकेकाला समजावत, एकेका जागी खणाचं नाव लिहून घेत प्रेबेन बसला. रोज साडेबाराला गेर्डाला फोन. बटाटे निघाले, मग भोपळे, मग काहीच नाही, नुसता वारा. वीत्स्के सप्टेंबरात परत आली, तिच्या मशीननं तिला कुठली ग्राड म्हणून विचारलं, तिनं डाम्प लिहिलं आणि घामाघूम होऊन बाहेर आली. करारावर सही तिनं टॉवेलातच केली.

एक्कावन्नाव्या आठवड्यातल्या गुरुवारी आकडा शून्य झाला. जानेवारीपासून प्रेबेन बेटावर आहे.

आता कुणी काय भरलं ते. प्रेबेन: केक एक, बोटी चाळीस. रेगित्से: उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक आठवडा, तिचा जुना भाग ताजा करण्यात, बदल्यात नावांचा कोपरा आता तिचा, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्याही तिच्या. विबेके: काहीच नाही, पण वरिष्ठांचं तसंच असतं. वीत्स्के: अकरा अंशांत सतरा मिनिटं. गिऱ्हाइकं: दर ग्राडमागे पाचेक अक्षरं जास्त, आणि ती कायमची. टॉवेल धुलाई कंपनीच्या खात्यावर.

राहिली गेर्डा. तिनं कधी एक ओळ लिहिली नाही, खण उघडा टाकला नाही, तिचं नाव नोंदवहीत कुठे नाही. ऑगस्ट ते डिसेंबर वीस आठवडे, सोमवार ते गुरुवार; मी तिच्या नावावर एकटीची ऐंशी जेवणं मांडली होती. परवा तिचा फोन आला तेव्हा तिला हा आकडा सांगितला.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "दोनदा शेजारीण आली होती."

मी खोडून अठ्ठ्याहत्तर केले.